सुकेळी उन्हात आहेत

निर्मळ, ता. वसई
९ जानेवारी २००५

विनया,

वर 'चि. सौ. विनयास अनेक आशीर्वाद' असं लिहिलं होतं, तो कागद फाडला आणि नवा घेतला. ज्या बहिणीला अकरा वर्षांत एक ओळ लिहिली नाही, तिला आशीर्वाद कुठल्या तोंडाने पाठवायचे? तेव्हा नुसतं विनया. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टाकून देणार असशील तर दे. पण मी तुला ओळखते. तू आधी वाचशील आणि मग टाकशील.

आधी बातमी सांगते, ती माझ्या पोटात राहत नाहीये. माझ्या मणक्यात सिमेंट भरणार आहेत!

हसू नकोस, खरंच सिमेंट. इकडे नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत जिथे बघावं तिथे बिल्डिंगा उठल्यात. माणिकपूर तर तुला ओळखूही येणार नाही. एवढं सिमेंट तालुक्यात येतंय, म्हटलं आपण तरी का मागे राहावं? एक मजला माझ्या पाठीतही.

आता सगळं सरळ सांगते. नव्व्याण्णव साली माझ्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं. तुला कळवलं नाही. गेल्या दिवाळीपासून कंबर धरली. मला वाटलं केळीचं लोंगर उचलल्यामुळे असेल. माणिकपूरला फोटो काढले, मग मुंबईला मोठं स्कॅन. रोग कमरेच्या मणक्यात उतरलाय. तू जन्मभर नर्सची नोकरी केलीस, पुढचं तुला सांगायला नको. बरं होण्यातलं हे नाही, तेही मला माहीत आहे. त्याचं रडगाणं गायला मी लिहायला बसलेली नाही. बसलेली तर नाहीच! हे पत्र मी स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपावर वही ठेवून उभ्याने लिहिते आहे. बसलं की मणक्यात कोणीतरी खिळा ठोकतंय असं होतं. जेवतेही उभ्याने. माझी सून भाविका, स्वरूपची बायको, सातिवलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करते. तिने तिथे शोधशोध करून दहा पानं छापून आणली. "आई, हे बघा ना, एकदम छोटी प्रोसिजर आहे. टाके पण नाहीत!" पाठीतून एक सुई मणक्यात घालायची, तिच्या टोकाने गाठ आतल्या आत शेकायची आणि त्याच वाटेने सिमेंट भरायचं. लोंगर जड झालं की आपण केळीला टेकू देतो, तसा आतून टेकू. रोग तिथेच राहतो, दुखणं जातं. मुंबईत एक डॉक्टर हे करतात. सतरा तारखेला मला बोलावलंय.

विनया, दुखणं जातं! हे वाक्य मी भाविकाकडून तीनदा वाचून घेतलं.

आता माझं मागणं. हे जमलं तर मला अंगणात मांडी घालून बसायचंय, समोर तू हवीस आणि मधे पिकल्या राजेळी केळ्यांची फणी. एक खेप आपण दोघींनी सोलायची आणि सुकेळी करायला उन्हात वाळत घालायची. पुढच्या वर्षीचं मी धरत नाही, म्हणून याच वर्षी. आईचा कायदा आठवतो ना? सुकेळी उन्हात असली की अंगणात रडायचं नाही, सुकेळी खारट होतात. तू गुडघा फोडून घेतलास, तेव्हा तोंडावर हात दाबून शेजारी रिटाच्या घरी पळालीस, तिथे मनसोक्त भोकाड पसरलंस आणि डोळे पुसून परत आलीस. रिटा अजून ती नक्कल करते.

ये ना गं.

तुझी ताई


निर्मळ
१९ जानेवारी २००५

विनया,

तुझं उत्तर आलं नाही. दहा दिवसांत ते यावं अशी माझी लायकीही नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मी घोळ घातलाय आणि घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाहीये.

सोमवारी रिटाचा भाऊ फर्डिनंड त्याच्या व्हॅनमधून आम्हाला घेऊन गेला. मागची सीट पाडून त्याने माझ्यासाठी गादी घातली होती. प्रत्येक खड्ड्याला तो "सॉरी हां, सुशीलाबाय" म्हणायचा. घोडबंदरचा पूल येईपर्यंत मीच त्याला म्हटलं, बाबा, एकदाच काय ते सॉरी म्हणून घे.

डॉक्टर स्वरूपहून दोन-चार वर्षांनीच मोठा असेल. फार चांगला मुलगा. स्कॅन बघून म्हणाला, "आजी, तीन-चार मणक्यांत डाग आहेत. सगळ्यात सिमेंट घालायचं नसतं, जो दुखतो त्यातच. एका बोटाने दाखवा बघू." मी हात पाठीमागे नेला आणि "असंच आपलं, इकडे-तिकडे" म्हणून फिरवला. मग त्याने विचारलं, "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

मी म्हटलं, "दोन."

विनया, मी दोन म्हटलं! त्या वेळी त्याच्या टेबलाची कड मी अशी धरली होती की नखं पांढरी पडली होती. त्याने कागदावर दोन लिहिलं. मग म्हणाला, "दोनासाठी मी मणक्यात सुई घालणार नाही. गोळ्या देतो, त्या घड्याळ लावून घ्या. दुखणं वाढलं तर या."

परतताना भाविका पूल ओलांडल्यावर सुटली. "आई, तुम्ही खोटं का बोललात? दोन? दोन महिने तुम्ही उभ्याने जेवताय! मी रजा टाकून आले, स्वरूपने रजा टाकली, फर्डिअंकल बिचारे सकाळपासून... आणि तुम्ही दोन?" मग रडायलाच लागली. फर्डिनंडने रेडिओ मोठा केला.

मी तिला काय सांगणार? तोंडातून आलंच नाही. नऊ म्हणायला गेले आणि दोन बाहेर पडलं. डॉक्टरला बिचाऱ्याला वाईट वाटेल, स्वरूप समोर आहे, असं काहीतरी. आपल्याला दुखलेलं सांगायची सवयच नाही गं.

घरी आल्यावर भाविका अंगणातल्या मांडवापाशी गेली. बांबूचा तोच मांडव, कमरेएवढा उंच. त्यावर सुकेळी पसरलेली होती. ती म्हणाली, "नोव्हेंबरपासून तुम्ही एकामागून एक घालताय. एवढी सुकेळी खाणार कोण, आई?" मी हसण्यावारी नेलं.

तुला खरं सांगते. मांडव भरलेला असला की माझ्या तोंडून आवाज निघत नाही. साठीला आले, तरी आईचा कायदा अंगात आहे. कळ आली की मांडवाकडे बघते, दात आवळते, जाते कळ. रिटा केळी सोलून देते, मी उभ्याने पसरते. युक्ती चांगली आहे. मला ती नवीन नाही, पण ते जाऊ दे.

गोळ्या आणल्यात. ठेवल्यात.

सुशीला


निर्मळ
३ फेब्रुवारी २००५

माझे विनी,

मिरजेहून तुझं कार्ड आलं! पोस्टमन फाटकाशी होता, मी ओटीवरून चालत गेले म्हणजे जवळजवळ पळतच. भाविका ओरडली, "आई, हळू!" मी कार्ड तिला दाखवलं, रिटाला दाखवलं, रिटाने तिच्या सुनेला दाखवलं. अर्ध्या गावाने वाचलं म्हण. वाचायला आहेच काय त्यात? 'प्रिय' नाही, 'ताई' नाही, खाली सही नाही. नुसते पाच प्रश्न, वॉर्डातल्या पेशंटला विचारावेत तसे, आकडे घालून:

१. दोन्ही पायांत बळ आहे का? चप्पल पायातून न कळता सुटते का?
२. लघवी नीट होते का?
३. एका बोटाने जागा कधी दाखवणार?
४. खरा आकडा डॉक्टरला कधी सांगणार?
५. गोळ्या घेतेस की डब्यात ठेवतेस?

चौथ्यापर्यंत मी हसत होते. पाचवा वाचला आणि कार्ड उलटं करून पिंपावर ठेवलं.

तुला तो डबा बरोबर आठवतो. मलाही. आईच्या तेराव्याला सुकेळी बांधून द्यायला तू फळीवरचा पत्र्याचा डबा काढलास आणि त्यात तुला मॉर्फिनच्या गोळ्या सापडल्या. तू हॉस्पिटलात डॉक्टरांच्या हातापाया पडून आणलेल्या. एकही कमी झालेली नव्हती. आणि मी तुला पत्रांतून कळवत होते, देते आहे, आई शांत आहे. तू तेव्हा पान वाढलेलं सोडून उठलीस. मी तुझ्या मागे फाटकापर्यंत आले आणि ओरडले, "तिला गरजच पडली नाही! विचार कोणालाही, तिचा आवाज तरी आला का!" रिटाही म्हणाली होती, नाही आला. तू मागे वळून पाहिलं नाहीस.

तर ऐक. पायांत बळ आहे. चप्पल सुटत नाही. बाकीही ठीक. माझ्या गोळ्या त्याच डब्यात होत्या. होत्या म्हणते आहे मी. कार्ड आलं त्या दुपारी डबा काढला, एक गोळी भाविकाच्या देखत घेतली आणि घड्याळ लावलं. संध्याकाळी भाविकाला म्हटलं, चल, मला अंगणात घेऊन चल. मांडवाला पाठ करून उभी राहिले आणि तिचं बोट धरून माझ्या पाठीवर ठेवलं. "इथे. दाब." तिने दाबलं. मी किंचाळले नाही, पण तिचा हात झटकला. तिने लगेच पेनने तिथे फुली मारली. शहाणी पोरगी आहे!

आज परत गेलो. फर्डिनंडने सॉरी फक्त चारदा म्हटलं. डॉक्टरांनी विचारायच्या आत मीच म्हटलं, "नऊ. मागच्या वेळी खोटं बोलले. बसवत नाही, झोपवत नाही, शिंक आली की जीव जातो. जागा फुली मारून आणलीये." डॉक्टर हसायला लागला. फुली बघितली, स्कॅन बघितलं, बोटाने टकटक केलं. बरोबर तोच मणका, तिसरा! "आजी, आता माझं काम सोपं झालं," म्हणाला. एवढ्यात काय बदललं, असं त्याने विचारलं, तर भाविका म्हणाली, "मिरजेहून ऑर्डर आली."

दहा तारीख, गुरुवार. सकाळी नऊ वाजता. घाबरायला हवं होतं, पण मला लग्नाला निघाल्यासारखं झालंय.

तुझी ताई


निर्मळ
१३ फेब्रुवारी २००५

विनी, विनी, विनी,

मी बसून लिहिते आहे!

ओटीवर, पाटावर, मांडी घालून, वही मांडीवर. पाऊण तास झाला. मधे दोनदा उठून परत बसले, केवळ बसता येतं म्हणून. भाविका म्हणाली, डॉक्टरांनी दमाने घ्यायला सांगितलंय. म्हटलं, आता बसण्यात काय दमायचं?

पहिल्यापासून सांगते. पालथं झोपवलं. पूर्ण भूल नाही, फक्त जागा बधिर केली आणि थोडं गुंगीचं दिलं. सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर समोर पडद्यावर माझा मणका बघत होता आणि मी टेबलाच्या भोकातून त्याच्या चपला बघत होते. सुई मी आधीच मागून घेऊन बघितली होती. पेनाच्या रिफिलएवढी जाड. हाडात जाताना तो छोट्या हातोडीने ठोकतो, टक, टक. दुखत नाही तसं, पण आवाज आपल्याच आतून येतो. मला वाटलं, शेजारी कोणी पाट्याला टाकी लावून घेतंय.

मग तो म्हणाला, "आजी, आता गाठ शेकणार. तुम्ही जाग्या आहात ते यासाठीच. दुखलं, पायात कळ गेली, तर मोठ्याने सांगायचं. आवाज दाबायचा नाही. तुमच्या आवाजावरून मला कळतं कुठे थांबायचं."

आवाज दाबायचा नाही. विनी, मला आयुष्यात असं कोणी सांगितलेलं नव्हतं.

पहिल्यांदा कळ आली तेव्हा मी सवयीने दात आवळले. तो लगेच थांबला. "आजी, काही झालं का? गप्प राहिलात तर मी पुढे जाऊ शकत नाही." आणि मग दुसऱ्यांदा आली आणि मी ओरडले. "आई गं!" अशी ओरडले की बाहेर बाकावर बसलेल्या स्वरूपच्या हातातला चहा सांडला. डॉक्टर म्हणाला, "शाब्बास! बस, एवढंच हवं होतं." सुई केसभर मागे घेतली आणि कळ गेली. ओरडल्याबद्दल शाब्बासकी! नर्सही हसली.

सिमेंट पातळ असताना भरतात आणि ते आत घट्ट होतं. उरलेला गोळा डॉक्टर बोटांत फिरवून बघत होता, आपण पाकाची तार बघतो तसा. "झालं, आजी. बांधकाम पूर्ण." पाठीवर टाका नाही, एक चिकटपट्टी. दुपारपर्यंत सरळ पडून राहायला सांगितलं. मग भाविका आणि नर्सने मला उठवून बसवलं.

मी डोळे मिटून वाट बघत होते, आता खिळा बसेल, आता बसेल. बसलाच नाही! जरा ठणका होता, सुईचा. डॉक्टर आला आणि म्हणाला, "आकडा?" मी म्हटलं, "तीन. खरा तीन!" काल दोन झाला. आज सकाळी मी एक सांगितला तर भाविकाने डोळे वटारून विचारलं, "खरा?" तिचा माझ्यावर आता विश्वास राहिलेला नाही, आणि ते बरंच आहे.

परतीच्या वाटेवर मी पुढच्या सीटवर बसले. फर्डिनंडने मुद्दाम एक खड्डा घेतला, बघायला. त्याला मी एक फटका दिला.

डॉक्टरने जाताना हेही सांगितलं की बाकीचे डाग आहेतच, उद्या दुसरीकडे दुखेल. तेव्हा पुन्हा सांगायचं, बोट ठेवायचं, गोळी घ्यायची, गरज पडली तर पुन्हा सुई. मला सगळं मान्य आहे. मी आज बसले आहे.

रिटाने राजेळीची दोन लोंगरं पाठवलीत. ही खेप मी बसून सोलणार.

एक गोष्ट मात्र त्या टेबलावर झाल्यापासून मनातून हलत नाही. ती आजच्या पत्रात घालत नाही. आजचा दिवस खराब करायचा नाहीये मला.

तुझी ताई


निर्मळ
२४ फेब्रुवारी २००५

विनया,

या पत्राबरोबर एक पुडकं आहे. ते आत्ता उघडू नकोस. आधी वाच.

तुला वाटतं, मी आईला गोळ्या दिल्या नाहीत आणि खोटं कळवलं. ते खरंच आहे. कोणीतरी सांगितलं होतं की ती शेवटची गोळी असते, ती सुरू केली की माणूस हातचं गेलं. मी घाबरले. घरात मी, आई आणि शाळेत जाणारा स्वरूप. स्वरूपचे वडील आधीच गेलेले. आई गेली तर माझं कोण, असं वाटलं. एवढं तर तुलाही कळलंच असेल.

पण तू फाटकातून गेलीस तेव्हा मी जे ओरडले, त्यामागचं तुला माहीत नाही. आईचा आवाज आला नाही हे खरं. का आला नाही, ते सांगते.

तिच्या कमरेत आणि मांडीच्या हाडात उतरलं होतं. माझ्यासारखंच. पहिल्या दिवशी ती ओरडली तेव्हा मला ते ऐकवलं नाही. मांडवावर सुकेळी होती. मी खोलीत जाऊन म्हटलं, "आई, सुकेळी उन्हात आहेत." आणि ती गप्प झाली. तोंडात पदराचा बोळा घालून गप्प झाली. मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. मग रोज. तिला खोलीतून मांडव दिसत नव्हता. ऊन कलायला लागलं की ती विचारायची, "सुशी, सुकेळी घरात घेतली का गं?" म्हणजे मला आता रडता येईल का. मी म्हणायची, "अजून ऊन आहे, आई." दिवेलागणीला विचारायची. मी म्हणायची, "आज बाहेरच ठेवलीत, झाकून."

विनया, शेवटचे अठरा दिवस मांडव रिकामा होता. आपल्या वाडीतली राजेळी संपली होती. मी रिकाम्या मांडवाच्या जिवावर आईला गप्प ठेवलं. एकदा ती म्हणाली, "मना वास कसा नाय येत गं?" मी म्हटलं, "तुझं नाक गेलंय आजारात." तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला. ती गेली त्या सकाळीही पदर तोंडात होता. मी तो काढला आणि मगच रिटाला हाक मारली.

हे अकरा वर्षं मी कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आई शांत गेली, असं मी इतक्यांदा म्हटलं की मलाच ते पटायला लागलं होतं. त्या टेबलावर मी "आई गं" ओरडले, डॉक्टरने शाब्बास म्हटलं आणि सुई मागे घेतली. तेव्हा मला कळलं. ओरडल्यावर थांबणारं कोणीतरी असावं लागतं, विनया. तिच्याजवळ मी होते.

मी वाईट वागले. मला माफ कर असं लिहीत नाही, ते मागायचं ते आईकडे, आणि तिकडे मी फार लांब नाही.

आता पुडक्याचं. ही खेप मी तेरा तारखेपासून घातली. बसून सोलली, पसरली आणि मग मांडवाशेजारी बसून रडले. मुद्दाम. सुकेळी उन्हात असताना, भर अंगणात, मोठ्याने. पहिल्या दिवशी रिटा धावत आली, तिला वाटलं दुखणं परत आलं. मी तिलाही सगळं सांगितलं. मग शेजारी बसून तीही रडली. भाविका कामावरून आली आणि आम्हा दोघींना बघून तिने फोनच उचलला डॉक्टरला करायला. सात दिवस मी रोज रडले. आठव्या दिवशी केळीच्या सुक्या सोपटात बांधायच्या आधी एक चाखलं.

गोड, विनया. मधासारखं गोड. काहीही होत नाही सुकेळ्यांना. आईने हवं तितकं रडून घेतलं असतं तरी ती गोडच झाली असती.

आता उघड आणि खा. उत्तर नको पाठवूस. खाल्लंस एवढं पुरे.

सुशीला


निर्मळ
११ मार्च २००५

विनी,

उत्तर नको म्हटलं होतं तरी तू पाठवलंस. लहानपणापासून माझं ऐकलं आहेस कधी?

दोन आठवडे काहीच आलं नाही, तेव्हा मी मनाशी धरून चालले होते की संपलं. काल दुपारी कार्ड आलं. मी कोणालाही दाखवलं नाही. मांडवापाशी उभी राहून वाचलं. पुन्हा आकडे!

१. आठ दिवस पुडकं उघडलं नाही. काल उघडलं. एक खाल्लं.
२. तुला माफ केलेलं नाही. ते तिथे येऊन ठरवीन.
३. पंधरा तारखेला सकाळी पोचते. केळी पिकत घालून ठेव.
४. गोळ्यांचा डबा कुठे आहे? यापुढे तुझ्या गोळ्या मी देईन.

पहिल्या ओळीपाशी मी थांबले, दुसरी दोनदा वाचली, आणि तिसरीला अशी हाक मारली की भाविका लाटणं हातात घेऊन बाहेर आली. आता घरात एकच धांदल आहे. स्वरूप मधल्या खोलीला रंग देतोय. फर्डिनंड म्हणतो, मी स्टेशनवर व्हॅन घेऊन जाणार आणि एकही खड्डा घेणार नाही. केळी रिटाने पेंढ्यात घातलीत. पंधरापर्यंत पिकतील. आज मांडीत डाव्या बाजूला जरा नवीन दुखतंय, आकडा चार, खरा चार, भाविकाला बोट ठेवून दाखवलंय आणि डॉक्टरला फोनही झालाय. तू आलीस की तूही बघ.

दुसऱ्या मुद्द्याला घाई नाही. तू इथे राहून ठरव, हवे तितके दिवस घे.

चौथ्याचं उत्तर: डबा फळीवर नाही. ओटीवर मधोमध ठेवलाय, झाकण काढून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

आणि एक कर. आलीस की फाटक उघडून गुपचूप आत येऊ नकोस. बाहेरूनच मला हाक मार, मोठ्याने. आधीची एक खेप मांडवावर असेल, उन्हात. असू दे. मी अंगणातून ओरडून ओ देईन.

तुझी ताई